सहा मुलांचा पासवर्ड

विद्युलता मिस गेल्या हे शाळेला कळलं बुधवारी, प्रार्थनेच्या वेळी. त्यांचे यजमान तुळजाजी यांनी स्वतःच फोन केला आणि जमेल तेवढ्या थोडक्यात सांगितलं. मुलांना मात्र कोणी नीट काही सांगितलं नाही. दुसरीचा वर्ग त्या दिवशी लवकर सोडला, एवढंच.

पंधरा दिवसांनी मुख्याध्यापिका त्रिपुरसुंदरी यांनी तुळजाजींना बोलावून घेतलं. दक्षिणेतल्या आवडी गावच्या त्या शाळेत दुसरीची स्वतःची वेबसाइट होती. दोन हजार सात साली हा थाट काही लहान नव्हता. मिसनीच ती उभी केली होती. मुलांची चित्रं, गृहपाठ, कोणाचा वाढदिवस, सगळं तिच्यावर. दवाखान्यात जाण्याआधी लिहिलेली त्यांची ओळ पहिल्या पानावर अजून तशीच होती : ‘मिसला बरं नाही. सोमवारी येतील.’

“दर सोमवारी मुलं फाटकाशी उभी राहतात,” बाई म्हणाल्या. “ती ओळ पुसायचीय. पासवर्ड तुम्हाला ठाऊक असेल.”

तुळजाजींना ठाऊक नव्हता. ठाऊक होता तो वर्गातल्या सहा मुलांना, तोही वाटून. संगणकापाशी भांडणं नकोत म्हणून मिसनी सहा जणांना एकेक अक्षर दिलं होतं. दर शुक्रवारी सहाही जण रांगेत येत, आपापलं अक्षर दाबत, आणि तेवढा वेळ बाकीचे पाठ फिरवत. अक्षर आईलासुद्धा सांगायचं नाही, अशी शपथ होती.

सहाही जणांना संगणकाच्या खोलीत आणलं.

“आजोबा, तुम्हीपण पाठ फिरवा,” रेवाने बजावलं.

“मी मिसचा नवरा आहे.”

“असाल. मिसनी तुम्हाला अक्षर दिलं होतं का?”

म्हातारा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“हात वर,” गिरिधर म्हणाला.

“हात कशाला?”

“उगाच.”

तुळजाजींनी हात वर केले. मागे सहा मुलं हसू दाबत होती. पासवर्ड चुकला. दुसऱ्यांदाही चुकला. आता चुकला तर आज पुन्हा उघडणार नाही, असं बाईंनी सांगितलं.

तुळजाजींनी बत्तीस वर्षं कारखान्यात माल तपासला होता. ते म्हणाले, “या वेळी एकेकाने अक्षर दाबून थांबायचं. मी वळून नुसते ठिपके मोजणार.” दाबलेलं अक्षर पडद्यावर ठिपका होऊनच दिसत होतं.

तीन मुलं झाली, तीन ठिपके. चौथी शरण्या. टक् असा आवाज आला. ठिपके तीनच.

“शरण्याबाई, बोट टेकलंच नाही.”

“टेकलं. आवाज आला ना.”

“तो तोंडाने काढला.”

“पुढचा दात पडलाय तिचा,” गिरिधर म्हणाला, “म्हणून शिट्टीपण आली.”

शरण्याला त्याचं काही नव्हतं. “ओळ पुसली तर मिस येणार कशा?”

बाई बोलायला गेल्या, तशी तुळजाजींनी त्यांना हातानेच थांबवलं. ते छोट्या बाकावर बसले.

“मिस येणार नाहीत, कण्णा,” ते शरण्याला लाडाने म्हणाले. “त्या वारल्या. मी तिथेच होतो.”

“मग तसं का लिहिलं?”

“तेव्हा तिला वाटत होतं, येईन. मलाही वाटत होतं. आता दर सोमवारी ती खोटी पडते. मला ते बघवत नाही.”

शरण्याने जरा विचार केला. “मग नवी ओळ तुम्ही लिहायची. हेडमिसनी नाही.”

“बरं.”

“आणि आता पाठ फिरवा.”

ते वळले. साइट उघडली. तुळजाजींनी एक कळ दाबून धरली, तशी ओळीची अक्षरं शेवटापासून एकेक करत पुसली गेली. मग ते रिकाम्या चौकटीकडे बघत बसले. मुलांनी कोणी न सांगता पाठ फिरवली होती.

“झालं का, आजोबा?”

“थांबा जरा.”

मुलं थांबली. शाळा सुटायची घंटा झाली. नवी ओळ अजून लिहायची राहिली आहे.