भरतीआधी फळी

माझ्या भावाने, अँब्रोजने, आणि त्याच्या बायकोने, ग्वेंडाने, काडीमोड घेतला तेव्हा घर विकलं, गाडी ग्वेंडाकडे गेली, कुत्रा अँब्रोजकडे राहिला. वाटणी अडली ती ऑगस्टावर. ऑगस्टा म्हणजे मोत्यांच्या शिंपल्यांच्या धंद्यातली जुनी, दोन डोलकाठ्यांची लाकडी बोट. लग्नाच्या वर्षी दोघांनी ती खाडीच्या चिखलातून उपसून काढली होती आणि पुढे तिच्या निम्म्या फळ्या स्वतःच्या हाताने बदलल्या होत्या. बोट मधोमध कापता येत नाही, आणि 'घे, तूच ठेव' म्हणायची दानत दोघांतही नव्हती. म्हणून ती दोघांची राहिली. डागडुजीच्या दिवसांत दोघांच्या मध्ये उभी राहायला मी.

"क्लॅरिस, त्याला सांग, ही पटाशी बोथट आहे."

"क्लॅरिस, तिला सांग, पटाशी बोथट नाही. लाकूड कुठे संपतं ते तिला दिसत नाहीये."

दोघं हातभर अंतरावर उभी असायची. ग्वेंडाने नवरा सोडला होता, नणंद सोडली नव्हती, म्हणून मी हे सगळं ऐकून घ्यायचे.

त्या वर्षी ऑगस्टाच्या डाव्या कुशीतून पाणी झिरपायला लागलं. नांगरावर नुसती उभी असतानाही पंप सारखा चालू ठेवावा लागे. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरच्या आमच्या ब्रूममध्ये बोट दुरुस्त करायला तिला पाण्याबाहेर काढायची गरज पडत नाही, पाणीच तिला सोडून जातं. उधाणाच्या भरतीला बोट खाडीतल्या खुंटांच्या रांगेला नेऊन बांधायची. ओहोटी लागली की ती खुंटांवर जराशी रेलून चिखलात उभी राहते. मग पाणी परत येईपर्यंत काय करायचं ते करून घ्यायचं. आणि पाणी परत येतंच, पाच पुरुष उंच चढतं.

उजाडताना आम्ही कामाला लागलो. खराब फळीचा तुकडा कापून काढायचा आणि त्या जागी नवा बसवायचा, एवढंच काम होतं. नवा तुकडा अँब्रोजने घरूनच तासून आणला होता. चिखलात उभं राहता यावं म्हणून त्याने पायाखाली दोन रुंद पाट टाकले. मी खुंटांलगतच्या फळ्यांच्या धक्क्यावर होते. माझ्याकडे बोटीचे दोर आणि पेट्रोलवरचा पंप. पंपाची एक नळी बोटीच्या पोटात सोडलेली होती.

जुनी फळी निघाली आणि ग्वेंडा तिथेच थबकली. फळीमागची बरगडी तिने बोटाने दाबली. बोट आत गेलं, भिजलेल्या पावात जावं तसं.

"क्लॅरिस," ती म्हणाली, "त्याला सांग, खिळा ठोकायला मागे काहीच उरलेलं नाही."

अँब्रोजने वाकून पाहिलं. त्याचा चेहरा पडला, पण तोंड काही बंद पडलं नाही. "वरून कॅनव्हास, डांबर, त्यावर शिशाचा पत्रा. आमचा बाप हेच करायचा. या भरतीपुरतं निभेल."

"पत्र्याचे खिळे कशात रुतणार? डांबरात?"

"मग काय, भोक उघडं ठेवून गाणी म्हणू या?"

आता ती माझ्याकडे न बघता थेट त्याच्यावर कडाडली, "तू तीन महिने म्हणत होतास, एकच फळी आहे, एकच फळी आहे! तेव्हाच आतून उघडून बघ म्हटलं होतं मी."

"बोटीच्या चाव्या तूच घेऊन गेलीस ना!"

"अरे, भांडा नंतर," मी धक्क्यावरून ओरडले. "पाणी वळलंय."

खरंच वळलं होतं. तिवरांच्या मुळांमधून एक बारीक चकाकती जीभ पुढे सरकत होती. आवाज नाही, लाट नाही. बघता बघता मघाचं खेकड्याचं बीळ दिसेनासं झालं.

ग्वेंडा शिडीने वर चढली आणि आत गेली. थोड्या वेळाने आतून फाडफाड आवाज आला. अँब्रोज ओरडला, "काय मोडतेयस?"

"तुझी झोपायची जागा," आतून उत्तर आलं.

बाकाची जाड, सुकी, चांगल्या जाराह लाकडाची कडा तिने उखडली होती. ती कुजक्या बरगडीला खेटून उभी करायची, वरच्या आणि खालच्या धड लाकडात स्क्रूने आवळायची आणि नवी फळी तिच्यावर ठोकायची, असा तिचा बेत. अँब्रोज नवी फळी उचलायला वाकला. म्हणजे त्याला तो पटला होता.

यापुढचं काम एकट्याचं नव्हतं. तांब्याचा खिळा बाहेरून ठोकायचा असतो आणि आतून कोणीतरी त्याच्या टोकावर लोखंडी ठोकळा दाबून धरायचा असतो, म्हणजे टोक वळून लाकडात परत रुततं. आतल्याला बाहेरचा दिसत नाही. नवी फळी भोकावर बसली तशी ग्वेंडा दिसेनाशी झाली आणि दोघांचं बोलणं ठोक्यांवर आलं. तिने आतून एकदा टक केलं की त्याने हाणायचं. दोनदा केलं की थांबायचं.

टक. धाड, धाड, धाड. टक. धाड, धाड.

मी वरून ऐकत होते. इतक्या वर्षांत या दोघांना इतक्या समजुतीने वागताना मी पाहिलं नव्हतं. पाणी अँब्रोजच्या गुडघ्याला लागलं, मग मांडीला. हातोडा आता पाण्यावर आपटायला लागला, दर घावाला त्याच्या तोंडावर चिखल उडायचा. माशी हाकलावी तशी तो मान झटकायचा आणि पुन्हा मारायचा. शेवटचे खिळे तर त्याने पाण्याखाली नुसत्या अंदाजाने ठोकले.

फळी बसली. पण बसलेली फळी म्हणजे बंद झालेली बोट नव्हे. तिच्या चारी बाजूंच्या फटींत कापसाचा पीळ ठोकून भरायचा होता, त्यावर पुट्टी. वरच्या फटीत त्याने तो भरला. खालची फट पाण्यात गेली होती.

"ग्वेंडा, आत किती?" मी विचारलं.

"येतंय. पंप सोडू नकोस. पंप बंद पडला तर गेलो."

मी पंपाचा कान पिळला. भकाभका पाणी बाहेर पडायला लागलं. येणारं आणि जाणारं पाणी जेमतेम बरोबरीत होतं. बोट तरंगायला अजून हातभर तरी पाणी चढायला हवं होतं, आणि तोवर ती आतून कोरडी राहायला हवी होती. भरलेली बोट उठत नाही, जागच्या जागी बुडते.

आतून टक झालं. बाहेरून उत्तर नाही.

पुन्हा टक. मग टकटकटक, घाईने.

आता पंपाशी उभी असल्याने मला बोटीची पलीकडची बाजू दिसत नव्हती. पंपाच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. "अँब्रोज!" मी हाक मारली. काही नाही. तेवढ्यात ग्वेंडा वर आली, हातात तो ठोकळा तसाच. ती पलीकडच्या कठड्यावरून वाकली आणि मी तिची पाठ ताठ झालेली पाहिली.

मी दोर टाकून बोटीवर धावले. अँब्रोज छातीभर पाण्यात, बोटीला गाल टेकून उभा होता. हात पाण्याखाली चालूच होते. पायाखालचे पाट कधीच तरंगून निघून गेले होते.

"उत्तर का देत नाहीस?" ग्वेंडा.

"दोन्ही हात गुंतलेत. कापूस बसतोय."

"वर ये."

"एवढं झालं की."

"अँब्रोज, वर ये!"

मग त्याने मान वर केली. "येता येत नाहीये," तो म्हणाला. "दोन्ही पाय गेलेत. गुडघ्यांच्या वर."

तो चिखल मी लहानपणापासून ओळखते. जितके हातपाय मारावेत तितका तो घट्ट आवळतो. मी दोर फेकला, त्याने काखेखालून घेतला. मी दुसरं टोक शिडाच्या चरखीवर गुंडाळलं आणि दांडा फिरवायला लागले. तो किंचाळला.

"थांब! पाय उपटून येतील!"

पाणी त्याच्या खांद्याला लागलं होतं. मी ग्वेंडाकडे पाहिलं. ती पंपाकडे बघत होती.

हे मला आजही जसंच्या तसं दिसतं. तिने एकदा पंपाकडे पाहिलं, एकदा खाली बोटीच्या पोटाकडे, जिथे पाण्याचा आवाज चालला होता. तिला एक क्षणही लागला असेल नसेल. मग ती धक्क्यावर उडी मारून गेली आणि बोटीच्या पोटातली नळी तिने सरसर उपसून खाडीत फेकली.

"ए!" खालून अँब्रोज ओरडला. पंपाचा आवाज बदललेला त्याला कळला होता. "काय करतेस? बोट भरेल!"

"भरू दे!"

"ग्वेंडा, वेडी आहेस का? लाव ती परत! मी निघतो, जरा वेळ दे—"

"तोंड बंद ठेव, पाणी जाईल!"

पंप आता खाडीचं पाणी ओढत होता. त्याची दुसरी नळी, पाणी फेकणारी, काखोटीला मारून ती आली. डेकवरच्या मधल्या झाकणाचा लाकडी पाट तिने पाण्यात टाकला आणि त्यावर पोटावर पडून त्याच्याजवळ गेली, नाहीतर तीही रुतली असती. मग नळी त्याच्या मांडीला घासत खाली, खोल चिखलात खुपसली. जोराचं पाणी चिखलात घुसलं की चिखलाची पकड सुटते, कोळी नांगर सोडवायला हेच करतात. पण नांगर बुडून मरत नसतो.

"डावा हलव. हळू. घोट्यातून हलव, उपटू नकोस."

"हलत नाही."

"हलेल."

पाणी त्याच्या हनुवटीला लागलं. त्याने मान मागे टाकली. मी चरखीवर दोर फक्त ताणून धरला होता, हाताला घाम सुटून दांडा निसटत होता. मागे बोटीच्या आत काहीतरी तरंगून आपटायला लागलं. आम्ही तिघांनीही ते ऐकलं.

"सुटला!" अँब्रोज खोकत म्हणाला. "डावा सुटला."

"परत टेकवू नकोस. माझ्या पाटावर टाक."

उजवा मात्र सुटेना. ग्वेंडाने मोठा श्वास घेतला आणि नळी धरून पाण्याखाली गेली. आता अँब्रोजचं नाकसुद्धा मधूनमधून पाण्याखाली जात होतं. मी येशूचं नाव घेत होते की शिव्या देत होते, मला आठवत नाही. अचानक हातातला दोर ढिला झाला. मी दांडा फिरवला आणि अँब्रोज वर आला. बूट नाही, एका पायाची सालटी निघालेली, आणि त्याच्या सदऱ्याला गच्च धरलेली ग्वेंडा.

धक्क्यावर येऊन दोघं आडवी पडून राहिली. अँब्रोजने खूप पाणी ओकलं. मी पंपाची नळी परत बोटीत सोडायला धावले, पण पंपाने चिखल खाल्ला होता. दोनदा गुरगुरला आणि बंद पडला. पाणी बाकांच्या वर गेलेलं होतं. मी बादली घेतली.

"राहू दे, क्लॅरिस," ग्वेंडा म्हणाली.

ऑगस्टा उठली नाही. पाणी कठड्यावरून आत शिरलं तेव्हा तिने एक लांब, खोल उसासा टाकला. आत अडकलेली हवा बाहेर पडते तेव्हा तसा आवाज होतो, हे मला माहीत आहे. तरी मी तोंड फिरवलं. भर दुपारी पाण्यावर नुसत्या दोन डोलकाठ्या होत्या. उशा, चहाचा डबा आणि अँब्रोजची टोपी तिवरांकडे वाहत गेली.

"माझ्यासाठी बोट बुडवलीस," अँब्रोज म्हणाला.

"तू असाच आहेस म्हणून बुडवली. पाय रुतलेत हे सांगायला तुला तोंड नव्हतं?"

"सांगितलं तर तू पंप सोडशील हे माहीत होतं."

यावर ग्वेंडा रडायला लागली. मी चहा आणायच्या निमित्ताने उठले, वास्तविक चहा तर वाहून गेला होता.

संध्याकाळी ओहोटीने बोट परत दिली. खालच्या, अर्धवट भरलेल्या फटीतून आतलं पाणी कितीतरी वेळ बाहेर गळत होतं. ग्वेंडाने टॉर्च मारून नवी फळी पाहिली, हाताने दाबली, ठोकळ्याने ठोकली. एकही खिळा हलला नव्हता. बाकाची कडाही जागची ढळली नव्हती.

अँब्रोज पाय बांधून धक्क्यावर बसला होता. "सरपणाला विकू या," तो म्हणाला. "पुरे झालं."

"विक तुझी अर्धी," ग्वेंडा म्हणाली. "मी माझी धुतेय."

तिने चिखल खरवडायला घेतला. थोड्या वेळाने अँब्रोज लंगडत खाली उतरला आणि कापसाचा पीळ वळायला लागला. उधाण ओसरायच्या आत बोट तरंगली पाहिजे होती, नाहीतर पुढच्या उधाणापर्यंत ती तिथेच अडकली असती. त्या रात्रीच्या भरतीआधी खालची फट भरून झाली. पुढचे दिवस आम्ही तिघं पाण्याच्या वेळापत्रकावर जगलो. कुजकी बरगडी खणून काढली आणि तिच्या जागी अख्खी नवी बसवली. इंजिन उघडून गोड्या पाण्याने धुतलं, मग डिझेलने, मग परत एकदा, कारण अँब्रोजला पहिलं धुणं पसंत नव्हतं. त्यावरून भांडण झालं. नेहमीसारखंच झालं, फक्त निरोप पोचवायला कोणी मला बोलावलं नाही.

उधाणाच्या शेवटच्या चांगल्या भरतीला ऑगस्टा जरा हलली, सरळ झाली आणि खुंटांपासून सुटली. ग्वेंडा आत जाऊन पोट तपासून आली. तळहात वर करून तिने दाखवला. कोरडा.

इंजिन काही सुरू झालं नाही. अँब्रोजने दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा शिवी दिली.

"वारा पूर्वेचा आहे," ग्वेंडा म्हणाली. "खाडीतून सरळ बाहेर नेईल."

"अरुंद आहे. वळताना चुकली तर परत चिखलात."

"मग चुकू नकोस."

मी दोर सोडले. त्याने सुकाणू धरलं, तिने पुढचं शीड चढवलं, आणि तिवरांच्या दोन्ही काठांमधून ऑगस्टा हळूहळू उपसागराकडे सरकायला लागली.