अस्तराखाली

सासऱ्यांनी ब्रश उचलला आणि तो कापडावर टेकणार, एवढ्यात ती दारातूनच ओरडली.

"थांबा बाबा! झटकू नका!"

म्हातारबुवा दचकले. सुनेचा आवाज एवढा चढलेला त्यांनी आजवर ऐकला नव्हता. ती धापा टाकत आत आली. पर्स खांद्यावरून घसरून कोपरात लोंबत होती, चपला पायातच होत्या. दुकानातल्या कापड बेतायच्या टेबलावर वकीलसाहेबांच्या काळ्या कोटाची पाठ उलटी पसरलेली होती, आणि तिच्यावर शिंपीखडूने लिहिलेली एक ओळ.

"ही नक्षी तुझीच ना?" सासरे म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या कापडावर?"

तिचीच होती. चर्चमध्ये पाळक व्हायचं तर बायबलची मूळ भाषा, हिब्रू, यायलाच हवी, म्हणून तिने वर्ग लावला होता. तेव्हापासून दुकानातल्या काळ्या कात्रणांवर ती अक्षरं गिरवायची. लिहायचं, झटकायचं, पुन्हा लिहायचं. आज दुपारी कात्रणं संपली, आणि ओळ तर हातात बसत आलेली. राहवेना. खडूच तो, झटकला की गेला!

"बाबा, आज मी ती अख्खी ओळ वाचली! कुठेही न अडखळता! बाई म्हणाल्या, पुन्हा वाच. पुन्हा वाचली! मला वाटलं, वर्गातच उडी मारते की काय." बोलता बोलता तिची नजर टेबलावर गेली आणि आवाज उतरला. "मग त्या म्हणाल्या, ज्यांची ही भाषा, ते लोक देवाचं नाव एकदा लिहिलं की पुसत नाहीत."

"तो त्यांचा नेम. तुला कुणी घातलाय?"

"कुणी नाही. पण आता कळलंय ना मला."

सासरे चष्म्यावरून बघत राहिले. वर्गाला हो म्हणताना त्यांनी एकच अट घातली होती. अभ्यास दुकानाच्या आड आला, की वर्ग बंद. वकीलसाहेब सकाळी कोर्टात जाण्याआधी कोट न्यायला येणार होते, आणि तसलं दुसरं कापड दुकानात नव्हतं.

"वर्ग सोडते मी," ती हळूच म्हणाली. "पण पुसू नका."

म्हातारबुवांनी ब्रश खिळ्याला अडकवला.

"ह्यात नाव कुठलं?"

तिने बोट जवळ नेलं, टेकवलं मात्र नाही. "हे. चार अक्षरं. उजवीकडून."

"उजवीकडून?"

"सगळंच उजवीकडून, बाबा! पुस्तकसुद्धा आपल्या शेवटाकडून उघडतं!" तिला पुन्हा हसू फुटलं.

"तरीच तुला जमतंय. तुझं सगळंच उलटं."

त्यांनी अस्तर ओढून घेतलं, दोन्ही हातांनी वर धरलं आणि झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसं त्या ओळीवर अलगद सोडलं. मग कडेकडेने टाचण्या लावत गेले.

"पण आत खडू किती टिकेल, बाबा?"

"झिजेल तेव्हा झिजेल. आपण तर नाही ना पुसला?"

वर्गाचं काय, हे विचारायची तिची छाती झाली नाही.

सकाळी वकीलसाहेब कोट चढवून आरशासमोर दोनदा फिरले. देवबीव आपण मानत नाही, हे दर खेपेला खुर्चीत बसून ऐकवणारे गृहस्थ.

"वा! आज कुणाचीही उलटतपासणी घेईन!"

"पाठीला तेवढं जपा," सासरे गंभीरपणे म्हणाले.

हसू दाबायला तिने घाईघाईने टाचण्यांची डबी आवरायला घेतली.

वकीलसाहेब गेले. सासरे मशीनपाशी बसून सुईत दोरा ओवू लागले. ती टेबलाकडे वळली आणि थबकली.

टेबलावर सासऱ्यांचा प्रार्थनेला जायचा काळा कोट उलटा करून पसरलेला होता. पाठीचं अस्तर उसवून नीट बाजूला दुमडलेलं. उघड्या कापडावर एक कोरा खडू ठेवलेला होता, उजव्या कडेला.