तिसरी सीटी उलटी

"किती सिट्या होऊ देऊ?" नवऱ्यानं, बाबुलालनं, घरून फोनवर विचारलं.

"तीन," चंद्रकलाबाई म्हणाल्या, "पन त्यातली एक उलटी बसली हाये, हे साहेबाले पटून नाई राहिलं."

बाबुलाल म्हणजे चिखल्याच्या खाणीत उभी हयात काढलेला माणूस, पण कुकरची सिटी उलटी कशी बसते हे काही त्याला उमगेना. "मंग झाकण बदलू काय?" त्यानं भीत भीत विचारलं. बाईंना हसू फुटलं. "कुकरचं नाई जी, आमच्या सबस्टेशनातल्या सीटीचं सांगून राहिली. तुमी डाळ उतरवा अन् जेवून घ्या," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

सिहोऱ्याजवळच्या त्या सबस्टेशनात चंद्रकला रामटेके एकोणीस वर्षं ऑपरेटर होत्या आणि महिनाअखेरीला रिटायर होणार होत्या. गावासाठी मोठा ट्रान्सफॉर्मर मिळावा म्हणून त्यांनी वरच्या साहेबलोकांचं डोकं खाल्लं होतं. तो आला एकदाचा, आणि आठ दिवसांत चार वेळा ट्रिप झाला. दोन-चार मोटारी चालू असल्या तर शहाण्या पोरासारखा बसायचा. उन्हाळी धानाच्या सगळ्या मोटारी लागल्या की खटकन बंद. वरून हुकूम सुटला: आत बिघाड आहे, उद्या ट्रेलर येईल, परत पाठवा. परत म्हणजे दोन महिने गेले. इकडे धान निसवायला, लोंब्या टाकायला आलेला. आणि गाव म्हणायला मोकळं, बाईनं आणला अन् बाईच्या डोळ्यांदेखत गेला. बाईंच्या जिवाला हे फार लागलं होतं. रिटायर व्हावं तर तो ट्रान्सफॉर्मर चालू ठेवून, नाहीतर तोंड दाखवायची सोय नाही.

"साहेब, हे चोर सोडून संन्याशाले फाशी होऊन राहिली," त्या म्हणाल्या. "याच्या पोटात दुखत असतं, तर हा मोटारी मोजून रडला असता काय?"

साहेब म्हणजे वीरेंद्र, लाखनीचा तरुण इंजिनिअर. डोकं धरून बसला होता. "ताई, रिले सांगून राहिली ना. आत गेलेला करंट बाहेर येऊन नाही राहिला."

"अन् रिलेले कोन सांगते? सीट्याच ना?"

बाईंचं खोटं नव्हतं. तारेतला तीनशे अँपिअरचा करंट सरळ मीटरवर किंवा रिलेवर घातला, तर दोघांचा कोळसा होईल. म्हणून तारेवर करंट ट्रान्सफॉर्मर बसवतात, तीच सीटी. ती तीनशेचा एक करून देते, अगदी मापात. त्या एकावर मीटर मोजतो आणि रिले राखण करते, आत-बाहेरचा हिशोब जुळला नाही की लाइन तोडते. बाईंनी हे सारं आपल्या धानाच्या बांधीवरून समजून घेतलं होतं. बांधीत पाणी शिरतं तिथे एक राखणदार, निघतं तिथे दुसरा, आणि दोघंही मालकाला ओरडून सांगतात. दोघांचं जुळलं की मालक निवांत. पण एकानं 'आत'च्या जागी 'बाहेर' म्हटलं, तर मालकाला वाटणार बांध फुटला. पाणी जितकं जास्त, तितकी बोंब मोठी.

"चारी वेळा बी फेजच, तिसरी तार," बाईंनी रिलेच्या पडद्यावर बोट ठेवलं. "अन् आत-बाहेरचा फरक पाहा, लोडच्या बरोबर दुप्पट. खरा बिघाड असा मापात राहते काय?"

वीरेंद्रनं पडद्यावरचे आकडे पुन्हा एकदा ताडून पाहिले. मग ताडकन उठला. "चला, सीटीची तार सोडून पाहू."

"आदी शटडाउन घ्या," बाईंनी त्याला दारातच अडवलं. "चालू लाइनीत सीटीची तार उघडी पडली तर जीव घेते."

लाइन बंद झाली, अर्थिंग लागलं. ट्रेलरच्या तयारीसाठी आलेल्या सुखराम फिटरनं शेजारच्या शेतातून फवारणी पंपाची बॅटरी मागून आणली. त्यानं ती सीटीच्या एका बाजूला क्षणभर टेकवायची आणि खाली बाईंनी काट्याचा मीटर बघायचा, असं ठरलं. पहिली सीटी, काटा उजवीकडे उडाला. दुसरी, उजवीकडे. तिसरी, डावीकडे.

बाईंनी पुन्हा टेकवायला लावली. पुन्हा डावीकडे. आनंदानं त्यांचे डोळे भरून आले.

"ही उलटी कोणी बसवली?" वीरेंद्रनं विचारलं. सुखराम मान खाली घालून बॅटरीची वायर गुंडाळू लागला.

त्याचा तो चेहरा पाहिला आणि बाईंना आठवलं. बसवायच्या दिवशी तिसरीची तेलाची पातळी दाखवणारी काच खांबाआड जात होती. पलीकडच्या गवतात साप निघतात, रोज कोण जाईल तिकडे तेल बघायला? "भाऊ, हिले जरा माह्या खिडकीकडे फिरव," असं त्यांनीच सुखरामला सांगितलं होतं. त्यानं बिचाऱ्यानं फिरवली, आणि काचेबरोबर सीटीची 'आत'ची बाजू 'बाहेर' गेली. आता तो बोलत नव्हता, आणि बाई गप्प राहिल्या असत्या तरी कोणाला कळणार नव्हतं.

"मी," बाई म्हणाल्या. "काच दिसावी म्हनून मीनंच फिरवाले लावली. त्याले बोलू नका."

"मलेबी समजाले पायजे होतं," सुखराम पुटपुटला.

वीरेंद्र खो खो हसत सुटला. "धन्य आहे ताई. चोर तुम्ही अन् पोलीसही तुम्हीच." मग बाईही हसल्या, सुखरामही हसला. सीटी काही परत फिरवली नाही. खालच्या डब्यात तिच्या दोन तारांची अदलाबदल केली आणि झालं. बाईंची काच खिडकीकडेच राहिली.

तीन वाजता लाइन चालू झाली. शेताशेतांतून मोटारी लागल्या. लोड पन्नास, शंभर, दीडशे, दोनशेवर गेला. बी फेजचा फरक शून्याला चिकटून बसला होता. वीरेंद्रनं ट्रेलरवाल्याला नको म्हणून फोन केला आणि लॉगबुकात कारण लिहिलं: 'बसवताना बी फेजची सीटी उलटी राहिली.'

बाईंनी ते वाचलं. "आपोआप नाई राहिली, साहेब," म्हणाल्या आणि त्याच्या हातातला पेन घेतला. खाली लिहिलं: 'ऑपरेटर चंद्रकला रामटेके यांच्या सांगण्यावरून फिरवली.' त्याखाली नेहमीसारखी ठसठशीत सही केली आणि पुढच्या तासाचं रीडिंग घ्यायला उठल्या.