टाकी भरली, म्हणे!

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची टाकी आहे. गच्चीवरची नव्हे हं! अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर, एका छोट्या शिडाच्या होडीच्या तळाशी मी बसवलेली आहे. लोक शीड बघतात, डोलकाठी बघतात, मला कोण बघतो? पण वाऱ्याने होडी कलली की तिला सावरून धरते ती मीच. माझ्यातलं पाणी हेच होडीचं वजन. होडी समुद्रात उतरवताना मला काठोकाठ भरायचं आणि बाहेर काढताना रिकामं करायचं, म्हणजे ती हलकी होऊन गाडीमागून घरी जाते.

थीया नावाच्या मुलीने मला आणि होडीला विकत घेतलं, तेव्हा तिने माझे काय लाड केले म्हणून सांगू! दर फेरीनंतर ती खांद्यापर्यंत हात आत घालून मला पुसायची. गोड्या पाण्याने धुवायची, थोडं ब्लीच फिरवायची आणि पाणी आत घ्यायची तळाची झडप उघडी ठेवून खडखडीत वाळवायची. भरताना वरच्या भोकात बोट घालून बघायची. बोट ओलं झालं की टाकी भरली. मग भोकाला बूच लावायची. "हिच्यातलं पाणी मी पिऊन दाखवीन!" असं ती धक्क्यावर सगळ्यांना सांगायची. मी फुलून जायचे.

तिचे वडील ऑरिन. जन्मभर शेवंडी पकडल्या, पण पोहायला शिकले नाहीत. तिकडच्या जुन्या कोळ्यांची ती रीतच होती. "इथलं पाणी बर्फासारखं. पोहणारा काय, जास्त वेळ कुडकुडतो एवढंच!" असं ते हसून म्हणायचे. लेकीच्या होडीत मात्र बसायचे नाहीत. म्हणायचे, "शिडं म्हणजे उन्हाळी पाहुण्यांचे चोचले."

पुढे थीयाला बंदरात होडी बांधायला स्वतःचा बोया, म्हणजे नांगरलेला तरंगता पिंप, मिळाला आणि माझे दिवस फिरले. होडी आता उन्हाळाभर पाण्यातच. मला धुवायचं राहिलं ते राहिलंच. "पुढच्या रविवारी नक्की," असं ती मला थोपटून म्हणायची, आणि मी वेडी वाट बघायचे! त्यात तिने झडप उघडीच ठेवली. का, तर पाणी खेळतं राहील, ताजं राहील! अगं, पाण्याबरोबर शिंपल्यांची पिल्लंही आत आली, शेवाळ आलं. झडपेपाशी, माझ्या तोंडात आतून काळ्या शिंपल्यांचे घोस लटकले. भोकातून घाण वास येऊ लागला, तशी थीया नाक मुरडून बूच घट्ट बसवू लागली. बाहेरून मात्र होडीला नवा निळा रंग! वरून कीर्तन, आतून तमाशा!

त्या वर्षी ऑरिननी गुडघ्यांपायी आपली होडी विकली. समुद्रावाचून त्यांना घरात करमेना. ऑगस्टमधल्या एका सकाळी ते आपणहून म्हणाले, "पोरी, ने मला बेटावर. खायला ब्लूबेरी पाय घेऊन जाऊ."

थीयाला आनंद मावेना. तिने त्याच दिवशी होडी बाहेर काढून रंग घासून चकचकीत केला. मला रिकामं केलं, पण आत डोकावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाण्यात उतरवून झडप उघडली. शिंपल्यांतून पाणी बारीक धारेने आत येत होतं. थीया नेहमीएवढाच वेळ थांबली आणि झडप बंद केली. मी जेमतेम अर्धी भरले होते.

"टाकी भरली का गं?" ऑरिननी विचारलं. "बोट घालून बघितलंस?"

"बघितलं, बाबा. भरली."

खोटं! साफ खोटं! वासामुळे तिने भोकाजवळ बोटही नेलं नव्हतं. मी ओरडणार तरी कशी?

खाडीच्या तोंडाशी वाऱ्याचा झपाटा आला. होडी कलली आणि माझ्यातलं अर्धं पाणी धावत त्याच बाजूला गेलं. जिला सावरायचं, तिलाच मी खाली ढकललं. होडी उलटली. ऑरिन तळाला दोन्ही हातांनी चिकटून राहिले, ओठ निळे पडले. जवळच्या शेवंडीवाल्याने पाहिलं म्हणून दोघंही वाचली.

धक्क्यावर गर्दी जमली. घोंगडी पांघरलेली थीया रडत म्हणाली, "या टाकीनेच दगा दिला हो!"

मित्रांनो, चोर सोडून संन्याशाला फाशी! होडी बाहेर ओढल्यावर ऑरिन खाली वाकले, चाकूने माझ्या तोंडातून मूठभर शिंपले खरवडले आणि लेकीच्या हातावर ठेवले.

"मी तुला विचारलं होतं," एवढंच म्हणाले.

त्यानंतर थीयाने मला असं घासलं, की पहिल्या वर्षीही घासलं नसेल. पुढच्या उन्हाळ्यात धक्क्यावर मला काठोकाठ भरून तिने वडिलांना हाक मारली, "बाबा, या ना. तुम्हीच बोट घालून बघा. खरंच भरली आहे."

ऑरिन धक्क्यावर उभे होते. "भरली असेल, पोरी," ते म्हणाले. "तेव्हाही तू असंच म्हणाली होतीस."

आणि ते काठी टेकत घराकडे गेले.

मित्रांनो, मी आज लख्ख आहे. जे कुणाला दिसत नाही ते वेळेवर धुवा, आणि धुतलं नसेल तर नाही म्हणून सांगा. माझ्यातले शिंपले एका दिवसात निघाले. होडीतली ऑरिनची जागा अजून रिकामी आहे.