बारा मीटरचा की आठ

पतंग बारा मीटरचा घ्यावा की आठ मीटरचा, या एका प्रश्नावर मी त्या हिवाळ्यात इतक्या जणांचं डोकं खाल्लं की बसमधले नेहमीचे प्रवासी माझ्या मागची सीट सोडून पार शेवटी जाऊन बसायला लागले. मी शाळेची आणि गावाची बस चालवते. वाऱ्याबद्दल बोलणं हा आमच्याकडे सभ्य विषय आहे, पण त्यालाही मर्यादा असते म्हणे. असू दे. ज्याला ऐकायचं नाही त्यानं चालत जावं.

पतंग म्हणजे गच्चीवरून उडवायचा नव्हे. पायात स्की घालून गोठलेल्या तळ्यावर उभं राहायचं आणि पतंगानं आपल्याला ओढत न्यायचं, तो. माझा जुना अगदी साधा होता. दोन मुठी, चार दोऱ्या, वारा येईल तेवढी ओढ. गेल्या फेब्रुवारीत त्यानं मला तीनशे मीटर फरपटत नेलं आणि काठच्या दगडांवर आपटलं. खांद्याजवळचं हाड मोडलं, अडीच महिने बस बंद. मुठी सोडल्या की असला पतंग मुकाट खाली पडतो, हे खरं. पण तेवढं सुचायला वेळ तर मिळायला हवा ना? हे मी सगळ्यांना सांगायचे आणि सगळे माना डोलवायचे.

एक योस्टाइन सोडून. योस्टाइन माझा नवरा, सुतार, दिवसाला वीस वाक्यं बोलणारा माणूस. त्या दिवशी तो तळ्यावरच होता, काठाजवळ बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसला होता. त्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलं. अडीच महिने माझे केस धुतले, बुटांच्या नाड्या बांधल्या, आणि मी बरी झाल्यावर म्हणाला, "तोरुन, मी तुला नको म्हणणार नाही. पण मी परत तळ्यावर येणार नाही."

आणि पठ्ठ्या खरंच आला नाही. गळ, बर्फाचं गिरमिट, बसायचं कातडं, सगळं लाकडांच्या खोपटात टांगून ठेवलं. सत्तावीस वर्षं आम्ही दर शनिवारी तळ्यावर जात होतो. मी वाऱ्यामागं, तो भोकापाशी, मधे कॉफीचा थर्मास. ते बंद पडलं. मला तो परत तिथं हवा होता, बाकी कशाची मला पडली नव्हती. कुठल्याही झोताला मला फरपटणार नाही असा पतंग आणायचा, मग याला बोलायला जागाच उरणार नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

तसे पतंग मिळतात. डीपॉवर म्हणतात. मुठींऐवजी एक आडवी दांडी असते. जवळ ओढली की पतंग जोर धरतो, पुढे ढकलली की जोर टाकतो. हात काढून घेतले की दांडी आपोआप लांब जाते आणि पतंग वर थंड होऊन बसतो. ऐकायला सोपं आहे. अडतं ते आकारावर, म्हणजे कापड किती चौरस मीटर घ्यायचं यावर.

हाल्वोर आमच्याकडचा जुना पतंगवाला. गॅरेजात पतंग विकतो, दुरुस्त करतो आणि आल्यागेल्याला अक्कल शिकवतो. त्यानं बारा मीटरचा पतंग जमिनीवर पसरला. लांब, निमुळता, देखणा. बघूनच जीव जडावा असा.

"आपल्या तळ्यावर वारा हलका," हाल्वोर म्हणाला. "सरासरी सेकंदाला पाच मीटर. हलक्या वाऱ्याला मोठा पतंग. यात विचार करण्यासारखं काय आहे?"

"सरासरी कुणी काढली?"

"वेधशाळेनं."

"वेधशाळा विमानतळावर आहे, हाल्वोर. मला विमान उडवायचं नाहीये."

"मग तो आठचा घे," त्यानं कोपऱ्यातल्या एका जाड, आखूड पतंगाकडे हनुवटी केली. "शाळेतल्या मुलांना शिकवायला ठेवलाय. याला घेऊन तू तळ्यावर फक्त उभी राहशील. पुतळा म्हणून फोटो काढू तुझा."

मला राग आला, पण तळ्यावर वारा खरंच किती असतो ते मलाही ठाऊक नव्हतं. ते शोधायचं होतं. बर्फ उपसणाऱ्या गाडीला रस्त्याची कड कळावी म्हणून आमच्याकडे काठ्या रोवतात. डेपोतून तसल्या सहा मागून आणल्या, वर लाल फिती बांधल्या आणि तळ्यावर अंतराअंतरानं उभ्या केल्या. सलग चार शनिवार मी हातात वारा मोजायचं यंत्र आणि वही घेऊन तिथं उभी राहिले. थंडीनं नाक जागेवर आहे की नाही कळेना, पण मजा यायला लागली. सहा फिती कधीच एका दिशेला नसायच्या. दोन झोपलेल्या, एक गोल फिरतेय, लांबची ताठ. वारा एकच असतो असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

तळ्यावर रोज येणारी एकच व्यक्ती म्हणजे बोर्गहिल्ड. वय ऐंशीच्या पुढे, रेनडियरच्या कातड्यावर बसून मासे धरते आणि कुणालाही काहीही बोलते.

"फितींकडे काय बघतेस?" ती म्हणाली. "फीत हलेपर्यंत झोत येऊन गेलेला असतो. तिकडे बघ, लाकूड कापायच्या गिरणीशेजारी डोंगराला खिंड आहे ना, तिथं बर्फाची धूळ उठली की वीस आकडे मोज."

मी मोजले. अठराव्याला माझी टोपी उडाली.

"हळू मोजलेस, दोन आकडे मागे राहिलीस," बोर्गहिल्ड म्हणाली आणि गळाकडे वळली.

महिन्याभरानं वही भरली आणि मला कळलं की आमच्या तळ्यावर पाचचा वारा जवळजवळ नसतोच. असतो तो बहुतेक वेळ तीनचा, नाहीतर खिंडीतून येणारा नऊचा. पाच ही दोघांची सरासरी. वारा तिप्पट झाला की ओढ नऊपट होते. बारा मीटरचा पतंग तीनला गोड चालेल आणि नऊला मला थेट काठच्या दगडांवर नेऊन सोडेल. शिवाय तसला निमुळता पतंग झोत थांबला की घडी पडल्यासारखा मिटतो आणि पुढच्या झोताला फाडकन भरतो. गाव सरासरी बघून पतंग घेतं आणि मग वाऱ्याला शिव्या घालतं. मी हाल्वोरकडे जाऊन आठचा आणला.

"पुतळ्याला हार आणू का?" तो म्हणाला.

"आण," मी म्हटलं.

घरी मी योस्टाइनला वहीतले सगळे आकडे ऐकवले. त्यानं ऐकून घेतले आणि रंधा मारायला निघून गेला.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी पहिल्यांदा आठचा उडवला. पाऊण तास मी खरोखर उभी होते. तीनचा वारा, पतंग डोक्यावर आळसावलेला.

"धुणं वाळत घातलंयस का?" बोर्गहिल्डनं विचारलं.

मग खिंडीपाशी धूळ उठली. मी मोजायला लागले, पतंग नीट धरला, गुडघे वाकवले, सगळं वहीत लिहिल्याप्रमाणे. झोत आला. आणि माझ्या हातांनी काय केलं, तर दांडी छातीशी ओढली. मुठीवाल्या पतंगांवर शिकलेल्यांची हीच खोड. भीती वाटली की हात आवळतात आणि मागे खेचतात. तिथं खेचून लगाम लागायचा, इथं खेचून जोर वाढतो. मला हे पाठ होतं, दुसऱ्यांना शिकवलंही असतं. तरी मी ओढली आणि तोंडावर पडून बर्फावरून निघाले.

नजर काठाकडे गेली. हात सुटले. दांडी लांब गेली आणि पतंग वर जाऊन गप्प उभा राहिला, जणू काही झालंच नाही. मी बर्फात बसले होते. पंधरा मीटर गेले असेन. बोर्गहिल्ड पाठ करून मासा काढत होती. कुणीही पाहिलं नव्हतं.

घरी जाताना रस्ताभर मी वाक्य जुळवत होते. पतंग एकदम उत्तम, झोत आला, दांडी सोडली, विषय संपला. यात खोटं असं काही नव्हतं.

योस्टाइन चुलीपाशी शनिवारची तांदळाची लापशी ढवळत होता. "कसा आहे?" त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"उत्तम," मी म्हणाले. मग माझ्याच्यानं राहवलं नाही. "मी दांडी ओढली. सोडायची तर ओढली. पंधरा मीटर घसपटत गेले."

त्याचा चमचा थांबला. "सोडायला किती वेळ लागला?"

"दोन सेकंद. तीन असतील."

"गेल्या वर्षी मी ओरडत होतो. सोड, सोड म्हणून. घसा बसला होता माझा." तो वळला. "तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस, तोरुन. तुला ऐकू आलं होतं."

मला ऐकू आलं होतं. हे मी डॉक्टरला सांगितलं नव्हतं, हाल्वोरला नाही, स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. वेळ भरपूर होता. तीनशे मीटर म्हणजे चिकार वेळ. पण इतका वेग मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता, आणि मला वाटलं, अजून थोडं, त्या वळणापर्यंत.

"मजा येत होती," मी म्हणाले. एवढंच तोंडातून निघालं, आणि मला माझी लाज वाटली.

"ते मला दिसत होतं," योस्टाइन म्हणाला. "मजा येत होती त्याचं मला काही नाही. तू माझ्याकडे बघितलंस आणि तरी धरून राहिलीस. आणि वर्षभर तू मला पतंगाचे मीटर सांगतेयस."

मी खुर्चीवर बसले. काढलेले मोजे हातातच राहिले.

"आज का सोडलंस?" त्यानं विचारलं.

"काठाकडे बघितलं," मी म्हणाले. "तू नव्हतास."

लापशी तळाला लागली होती, ती तशीच त्यानं दोन वाडग्यांत वाढली, वर लोण्याचे गोळे ठेवले आणि माझ्यासमोर येऊन बसला. आम्ही रडलो नाही असं सांगितलं असतं, पण माझं खोटं बोलून झालंय. दोघंही रडलो, लापशी निवून दगड होईपर्यंत.

मग त्यानं नाक पुसलं आणि विचारलं, "पुढच्या शनिवारी वारा कसा आहे?"

मला एकही आकडा आठवेना.