राजाचा डावा हातमोजा

मी एक हातमोजा आहे. डाव्या हाताचा, लाल लोकरीचा. सध्या मुक्काम सौदी अरेबियाच्या थंड डोंगरांतलं खमीस मुशैत, डॉक्टरांच्या वसाहतीत, ऋग्वेदच्या कपाटात. माझ्या हातून एक अपराध झाला आहे. तो सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म प्रागमधल्या एका नाट्यगृहात झाला. कपडेपट सांभाळणाऱ्या हानाबाईंनी मला आणि माझ्या उजव्या जोडीदाराला विणलं. नाटक चारशे वर्षांपूर्वीचं, इंग्लंडच्या एका राजाचं. राजाचा एका पुरुषावर जीव जडतो, सरदारांना ते खपत नाही आणि शेवटी दोघांचाही घात होतो. हानाबाई म्हणायच्या, "आमच्या तरुणपणी हेच नाटक झालं, तेव्हा त्या दोघांना नुसते जुने दोस्त करून टाकलं होतं."

आमच्या दिग्दर्शिकेने तसं केलं नाही. तिने राजाचा मुकुटच काढून टाकला आणि दोघांत मिळून हातमोज्यांची एकच जोडी दिली. डावा मी राजाच्या हातात, उजवा त्याच्या प्रियकराच्या. उघडे राहिलेले हात ते एकमेकांच्या हातात धरून उभे राहायचे. सभागृहात तेव्हा कुणी खोकतही नसे.

ऋग्वेद तिथे वैद्यकीचं शिकत होता आणि संध्याकाळी कपडेपटात मदत करायचा. प्रियकराचं काम करणारा मातेय खऱ्या आयुष्यात ऋग्वेदचा प्रियकर होता. ते तिथे कुणापासून लपलेलं नव्हतं.

एकदा प्रयोगानंतरच्या चर्चेत एक आजोबा उठले. म्हणाले, "हे असलं मूळ नाटकात नव्हतं. तुम्ही आजची तरुण पोरं ते घुसडता." ऋग्वेद मला मुठीत धरूनच विंगेतून पुढे आला. "आजोबा, कवीने ते लिहूनच ठेवलंय. आम्ही फक्त लपवायचं थांबवलं." त्या मुठीचा मला फार अभिमान वाटला होता.

शेवटचा प्रयोग झाला तेव्हा हानाबाईंनी मला ऋग्वेदच्या हाती दिलं आणि उजव्याला मातेयच्या.

मग शिक्षण संपलं, आणि ऋग्वेद इथे खमीसला आईवडिलांकडे परतला. बॅग आईने, दमयंतीबाईंनी, उघडली.

"अरे, हा एकटाच? दुसरा कुठे पाडलास?"

"हरवला, आई."

माझ्यासमोर तो पहिल्यांदा खोटं बोलला. इथे अशा प्रेमाला कायद्याची भीती आहे, हे मला कळतं. पण त्याला त्याहून मोठी भीती आईचा चेहरा उतरण्याची आहे.

दमयंतीबाई दिवसभर रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत असतात. घरी आल्यावर त्यांना रिकामं बसवत नाही, आणि डब्याचं झाकण हरवलं तरी त्या डबा टाकत नाहीत, दुसरं झाकण शोधतात. मला त्यांनी दिव्याखाली धरलं, माझे टाके मोजले आणि जाहीर केलं, "याचा जोडीदार मीच विणते. थंडी तोंडावर आलीये." खमीसमध्ये तसली लाल लोकर मिळेना. दूर जेद्दा शहरात मिळाली. ती शोधून आणली रुचिराने.

रुचिरा तिथे दातांची डॉक्टर आहे. तिच्या घरून ऋग्वेदसाठी विचारणा झाली होती. ती आईवडिलांबरोबर विमानाने आली, लोकरीचे गुंडे टेबलावर ठेवले आणि मला उचलून बघत तिने विचारलं, "कशाचं नाटक होतं रे?"

"एका राजाचं. मैत्रीचं नाटक. मित्रासाठी तो गादी घालवून बसतो."

"मित्रासाठी? मी तर मैत्रिणीला पार्किंगसुद्धा सोडत नाही."

सगळे हसले. ऋग्वेदचे बाबा, डॉक्टर विजय, सर्वांत मोठ्याने. ऋग्वेदही हसला. ज्या खोटेपणावर त्याने प्रागमध्ये भर सभेत बोट ठेवलं होतं, तोच इथे चहाबरोबर वाढला गेला. त्या दिवसापासून मातेयचा फोन आला की तो वाजू देतो.

काल नवा उजवा विणून झाला. सुरेख झालाय, त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. दमयंतीबाईंनी आम्हा दोघांना लेकाच्या हातांत चढवलं.

"बघ, झाली की नाही जोडी? मग, रुचिराकडे होकार कळवू ना?"

त्याची बोटं माझ्यात गार पडली. मला वाटलं, आता बोलेल. तीनशे माणसांसमोर बोलला होता, ही तर एकटी आई.

"कळव," तो म्हणाला.

माझा अपराध तो हाच. त्या घटकेला मी त्याच्या हाताला ऊब दिली. लोकर टोचतेसुद्धा, मी टोचायला हवं होतं.

ऋग्वेद, साखरपुडा पुढच्या शुक्रवारी आहे. तुझ्या आईला दुःख होईल, ते मी कमी करू शकत नाही. तुझी भीतीही खोटी नाही. सगळ्या गावाला सांग असं मी म्हणत नाही. पण त्या मुलीने अख्खं जेद्दा पालथं घालून तुझ्यासाठी लोकर शोधली. तिला तरी सांग. आज सांग, अजून तिच्या घरी कुणी साखरपुड्याचे कपडे घेतलेले नाहीत.