भाड्याच्या गाडीचं चलान

या, असे जवळ सरकून बसा. टाळ बाजूला ठेवा, चहा येतोय; तोवर एक गोष्ट सांगतो. कीर्तनातली नाही, कीर्तनाच्या वाटेवरची. पण उठताना हात आपोआप जोडले जातील, एवढा शब्द देतो.

आमच्या अकोल्याच्या पार्बताबाई कीर्तनाला उभ्या राहिल्या की सत्तरीचं वय कुठल्या कुठे जातं. खाली बसल्या की मात्र गुडघे बोलतात. एसटीची पायरी त्यांना चढवत नाही. म्हणून त्यांची सून जमुना खुशालरावांची गाडी भाड्यानं घेते आणि स्वतः चालवते. सासूला गावोगावी न्यायचं आणि कीर्तनात मागे झांज घेऊन उभं राहायचं, ही तिची सेवा.

मागे अमरावतीला कीर्तन झालं. जमुनानं देवळाच्या भिंतीशी गाडी लावली. दुसऱ्या दिवशी खुशालरावांच्या मोबाइलवर चलान आलं, नो पार्किंगचं. गाडी त्यांच्या नावावर, म्हणून चलानही त्यांनाच. ते तडक पार्बताबाईंच्या अंगणात हजर.

“वहिनी, बोर्डाखालीच लावली न गाडी!”

“बोर्ड नव्हता, भाऊ. म्या उतरून पाह्यलं होतं.”

“सारेच असं म्हणतात. बाईच्या हाती गाडी दिली, माह्यंच चुकलं. दंड भरा, अन् एकादशीले अकोटसाठी दुसरी गाडी पाहा.”

दंडाचं जमुनाला काही नव्हतं. पण ही गाडी गेली की सासूचं अकोटचं कीर्तन गेलं, आणि तेही तिच्यावर खोटारडेपणाचा शिक्का बसून. तिनं पदर खोचला.

“दंड भरीन. पयले बोर्ड दाखवा. चला अमरावतीले, आत्ता.”

“अन् डिझेल?”

“डिझेल माह्यं. तुमी फक्त डोळे घेऊन या.”

“मलेबी घ्या,” पार्बताबाई आतून म्हणाल्या.

मूर्तिजापूरपर्यंत जमुनानंच गाडी आणली. तिथं खुशालराव म्हणाले, “गेअर तं बराबर टाकता.”

“बाईचा हात आहे, भाऊ,” जमुना म्हणाली.

देवळापाशी वाहतुकीचा हवालदार उभा होता. जमुनानं त्यालाच गाठलं. “साहेब, कुठी आहे बोर्ड?”

हवालदार भिंतीशी गेला आणि खांबाला बांधलेल्या फ्लेक्सचा कोपरा त्यानं वर उचलला. मागे नो पार्किंगचा ठसठशीत बोर्ड. आणि फ्लेक्सवर कोण? चिपळ्या घेऊन हसणाऱ्या, पुरुषभर उंचीच्या आमच्या पार्बताबाई!

खुशालराव पोट धरून हसले. “घ्या! माउलीनंच झाकला बोर्ड!”

जमुनाची मान खाली गेली. पार्बताबाई दाराला धरून उतरल्या. फ्लेक्सपुढे जाऊन त्यांनी आपलाच चेहरा न्याहाळला. “कायले एवढी मोठी केली मले?” म्हणत दोरीची गाठ सोडली आणि फ्लेक्स खाली ओढून त्याची गुंडाळी केली.

“साहेब, दंड आमचाच. फ्लेक्स आमच्या माणसायनं बांधला. जमुने, भरून टाक.”

जमुनानं तिथंच मोबाइलवर दंड भरला. मग पार्बताबाई वळल्या.

“खुशालराव, हसून झालं का? आता ऐका. बोर्ड झाकेल होता. माह्या सुनेनं उतरून पाह्यलं, दिसला नाही, तेच सांगितलं. तिले तुमी खोटी म्हटलं, अन् बाई म्हणून म्हटलं. आमचा दंड आमी भरला. तुमचा कवा भरता?”

रस्त्यावरची माणसं थांबली होती. “गाडीचा मालक मी आहो,” खुशालराव पुटपुटले.

“मंग बसा आपल्या गाडीत. आमी दोघी पायी जाऊ अकोल्याले.”

आणि निघाल्या की हो, बडनेऱ्याच्या दिशेनं, त्या गुडघ्यांनी! जमुनानं किल्ली बॉनेटवर ठेवली आणि सासूचा हात धरला. दोघींपैकी एकीनंही मागे पाहिलं नाही.

थोड्या वेळानं गाडी पुढे येऊन थांबली. खुशालराव उतरले, किल्ली पुढे केली. “वहिनी, चुकलं माह्यं. बसा.”

“कुठी बसू?” जमुना जागची हलली नाही.

“स्टेअरिंगवर. अन् एकादशीलेबी तुमीच.”

अकोटचं कीर्तन काय रंगलं म्हणता! लोकांनी पार्बताबाईंच्या पायाशी रांग लावली, लावायलाच हवी. मागे झांज पुसत बसलेल्या बाईकडे मात्र कोणाचं लक्ष गेलं नाही. तेव्हा एक मागणं आहे. कुठंही कीर्तन ऐकलंत आणि शेवटी हात जोडलेत, की आमची जमुनाही तेवढी आठवा.